प्रतिनिधी अग्निभिंत व संमिश्र संगणकजाले

प्रतिनिधी अग्निभिंत : संस्थेच्या अंतर्गत संगणकजालाची इंटरनेटशी थेट गाठ पडू न देता, दोहोंच्या सीमेवर उभी राहून आतील संगणकांच्या वतीने बाहेरील संगणकांशी व्यवहार करणारी यंत्रणा. इंग्रजीत तिला ‘प्रॉक्सी फायरवॉल’ म्हणतात. इमारतीच्या एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधतात त्या भिंतीवरून ‘फायरवॉल’ ही संज्ञा आली, तर दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा मुखत्यार या अर्थाने ‘प्रॉक्सी’ हा शब्द संगणकशास्त्रात रूढ झाला. ज्या जालात युनिक्स, विंडोज, मॅकिंटॉश, नेटवेअर, लिनक्स अशा एकाहून अधिक प्रचालन प्रणालींवर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालणारे संगणक एकत्र नांदतात, त्यास संमिश्र जाल म्हणता येईल. अशा जालास एकाच पहारेदाराच्या द्वारातून इंटरनेटशी जोडणे हा १९९० नंतरच्या दोन दशकांत जवळजवळ प्रत्येक विद्यापीठापुढील व कार्यालयापुढील प्रश्न होता. तो वरवर तांत्रिक असला, तरी द्वारातून कोणी जावे, कोणत्या अटींवर जावे आणि जाणाऱ्यावर कोणी लक्ष ठेवावे, हे त्याच्या उत्तरावरच ठरत असे.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेट या जालाने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी ही संदेशवहनाची नियमसंहिता स्वीकारली. या संहितेत माहितीची लहान लहान पाकिटे करून ती पाठविली जातात. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. मधल्या यंत्रांनी पाकीट पुढे सरकवावे, एवढीच अपेक्षा असते. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड व डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या लेखात हेच तत्त्व मांडले. खरी बुद्धी जालाच्या टोकांना असलेल्या संगणकांत असावी व मधला मार्ग शक्य तितका साधा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोणत्याही प्रणालीचा संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी थेट बोलू शकेल, हे या रचनेचे बलस्थान होते. मात्र बोलणारी माणसे परस्परांच्या विश्वासातील आहेत, हे त्यात गृहीत धरले होते.

या गृहीतास मोठा तडा गेला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी एक आज्ञावली काही तासांतच हजारो संगणकांत शिरली. त्या वेळी इंटरनेटवर सु. ६०,००० संगणक होते व त्यांपैकी सु. ६,००० बाधित झाले, असा अंदाज त्या काळी करण्यात आला. डाक पोहोचविणारी ‘सेंडमेल’ व वापरकर्त्याची माहिती देणारी ‘फिंगर’ या सेवांतील उणिवांचा, तसेच सोप्या संकेतशब्दांचा तिने फायदा घेतला. बाधा झाली ती केवळ बर्कली युनिक्स चालविणाऱ्या व्हॅक्स व सन-३ या जातींच्या संगणकांना. अन्य प्रणालींचे संगणक त्यातून सुटले. याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीच्या प्रसंगी मदत करणारे ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र स्थापन झाले. १९९० मध्ये मॉरिस दोषी ठरला.

अग्निभिंतीचा उदय : प्रत्येक संगणकातील प्रत्येक उणीव दुरुस्त करणे अशक्य आहे; तेव्हा सर्व संगणकांना मिळून एकच द्वार ठेवावे व तेवढे नीट राखावे, हा विचार यानंतर बळावला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील जेफ्री मोगुल यांनी १९८९ मध्ये युनिक्स यंत्रावर पाकिटांची छाननी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाकिटावरील पत्ते व पोर्ट क्रमांक पाहून ते सोडावे की अडवावे, हे नियमांच्या यादीवरून ठरविले जाई. ही पद्धत जलद होती आणि आतील संगणक कोणत्या प्रणालीचा आहे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. परंतु पाकिटाचा पत्ता वाचला, तरी आतील मजकूर समजत नाही. पत्र कोणाकडून आले एवढेच पाहून ते घरात घेण्यासारखे हे होते.

त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत वेगळ्या रचनेचा अवलंब झाला. विल्यम चेझविक यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या तेथील द्वारात दोन यंत्रे होती. एक बाहेरच्या जालाला व दुसरे आतल्या जालाला जोडलेले असून आतील संगणक बाहेरच्याशी थेट संधान बांधू शकत नसे. त्याची मागणी द्वारयंत्र स्वीकारी व आपल्या वतीने पुरी करी. या रचनेची मर्यादाही चेझविक यांनीच सांगून ठेवली होती. बाहेरून कडक कवच असले, तरी आतला गर मऊच राहतो. कवच एकदा भेदले, की आत कोणताच अडथळा उरत नाही. चेझविक व स्टीव्हन बेलोव्हिन यांचा अग्निभिंतीवरील ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानला गेला.

डिजिटल कंपनीने १९९१ मध्ये ‘सील’ या नावाने विक्रीस आणलेली यंत्रणा ही पहिल्या व्यापारी अग्निभिंतींपैकी एक होय. तिच्या घडणीत भाग असलेले मार्कस रॅनम पुढे ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीत गेले. त्या कंपनीने १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये अग्निभिंत बांधण्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्यांचा एक संच मूळ संहितेसह सर्वांना खुला केला. त्यात डाक, फाइलींची देवघेव, दूरस्थ प्रवेश अशा प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र प्रतिनिधी होता. प्रत्येक प्रतिनिधी आकाराने लहान व वाचून तपासता येण्याजोगा असावा, हे त्यामागील सूत्र होते.

प्रतिनिधीची कार्यपद्धती : प्रतिनिधी अग्निभिंतीत एका व्यवहारासाठी दोन स्वतंत्र जोडण्या असतात. पहिली आतील संगणक व प्रतिनिधी यांच्यात आणि दुसरी प्रतिनिधी व बाहेरील सेवक संगणक यांच्यात. पाकिटे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जशीच्या तशी जात नाहीत; प्रतिनिधी मजकूर उलगडतो, तपासतो व नव्याने रवाना करतो. त्यामुळे बाहेरच्यास आतील संगणकाचा पत्ता कळत नाही, अनुचित मागणी अडविता येते आणि कोणी, केव्हा, काय मागितले याची नोंद राहते.

प्रतिनिधींचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला एकेका सेवेची भाषा जाणणारा असतो. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जन्मलेल्या वर्ल्ड वाइड वेबसाठी असा प्रतिनिधी आरी लुओटोनेन यांनी सर्नच्या सेवक आज्ञावलीत समाविष्ट केला. त्याविषयीचा लेख त्यांनी केव्हिन आल्टिस यांच्यासह १९९४ मध्ये जिनीव्हा येथील पहिल्या वेब परिषदेत मांडला. आलेल्या पृष्ठांची प्रत जवळ ठेवून तीच पुढच्या मागणाऱ्यास देण्याची सोय त्यात होती. जोडण्या मंद व महाग असलेल्या त्या काळात ही बचत सुरक्षिततेइतकीच मोलाची वाटे. दुसरा प्रकार सेवेची भाषा न जाणता केवळ जोडणी जुळवून देणारा होय. त्याचे प्रमुख उदाहरण म्हणजे ‘सॉक्स’ ही नियमसंहिता. डेव्हिड कोब्लास व मिशेल कोब्लास यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तिची पाचवी आवृत्ती मार्च १९९६ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत टिपणांत आली व तीत वापरकर्त्याची ओळख पटविण्याची तरतूद झाली.

संमिश्र जालांचा प्रश्न : प्रतिनिधी तत्त्वात एक अडचण मुळातच होती. पाकिटांची छाननी आतील संगणकाच्या नकळत होते; प्रतिनिधीशी मात्र संगणकाने जाणीवपूर्वक बोलावे लागते. म्हणजेच त्याच्यावरील आज्ञावलीला प्रतिनिधी ठाऊक असावा लागतो. युनिक्सवर मूळ संहिता हाती असल्यामुळे ती सॉक्ससाठी थोडी बदलून पुन्हा संकलित करता येई. विंडोज व मॅकिंटॉश यांवरील आज्ञावल्या विकत घेतलेल्या व बंद स्वरूपाच्या असल्याने तेथे हा मार्ग नव्हता.

त्यातच १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कार्यालयांतील बहुतेक संगणक टीसीपी/आयपी बोलतच नसत. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर जालात आयपीएक्स, तर ॲपलच्या संगणकांत ॲपलटॉक ही भाषा प्रचलित होती. विंडोज ३.१ मध्ये टीसीपी/आयपी अंगभूत नव्हते. टास्मानियातील पीटर टॅटम यांची ‘ट्रम्पेट विनसॉक’ यांसारखी वेगळी आज्ञावली त्यासाठी बसवावी लागे. मॅकिंटॉशला ‘मॅकटीसीपी’ची जोड द्यावी लागे. विंडोज ९५ मध्ये ही सोय अंगभूत झाली. मधल्या काळात प्रतिनिधीकडून दुभाष्याचेही काम करून घेण्यात आले. नॉव्हेलच्या ‘बॉर्डरमॅनेजर’ या १९९७ मधील यंत्रणेत आयपीएक्स बोलणाऱ्या संगणकास इंटरनेटपर्यंत नेणारे द्वार होते.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ‘प्रॉक्सी सर्व्हर’ बाजारात आणला. त्याची व त्याच्या वारसांची रचना पाहिल्यास संमिश्र जालातील विषमता स्पष्ट होते. विंडोज संगणकांसाठी विनसॉक या मूळ घटकालाच वळण देणारी एक पूरक आज्ञावली मिळे. ती बसविली, की कोणतीही आज्ञावली स्वतःला न कळता प्रतिनिधीमार्फत बाहेर जाई. मॅकिंटॉश व युनिक्स यांसाठी अशी सोय नव्हती. त्यांना वेबपुरता सर्नच्या पद्धतीचा प्रतिनिधी आणि १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सॉक्सची चौथी आवृत्ती यांवर भागवावे लागे. पुढील ‘आयएसए सर्व्हर २०००’ मध्ये तीन प्रकारचे ग्राहक मानले गेले : ब्राउझरमध्ये प्रतिनिधीचा पत्ता दिलेले, विंडोजवर पूरक आज्ञावली बसविलेले आणि केवळ पत्त्यांच्या रूपांतरावर विसंबणारे. यांपैकी तिसरा प्रकार कोणत्याही प्रणालीस चाले. परंतु त्यात वापरकर्त्याची ओळख पटत नसे. जेथे व्यक्तिशः परवानगीचा नियम होता, तेथे अशा संगणकास एकतर द्वार बंद होई किंवा त्याच्यासाठी नियमात पळवाट ठेवावी लागे, आणि अशी प्रत्येक पळवाट भिंतीतील भोकच ठरे.

ओळखीचा प्रश्न : प्रतिनिधीने वापरकर्त्यास नाव व संकेतशब्द विचारण्याची सोय जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी संहितेत ४०७ या उत्तरक्रमांकाने नोंदविलेली आहे. तीतील मूलभूत पद्धत सर्व प्रणालींना येत असे. पण तीत संकेतशब्द जवळजवळ उघडाच जाई. मायक्रोसॉफ्टच्या ‘एनटीएलएम’ पद्धतीत तो उघड होत नसे व विंडोजमध्ये एकदा प्रवेश केलेल्यास पुन्हा विचारणाही होत नसे. परंतु या पद्धतीचा तपशील दीर्घकाळ अप्रकाशित होता. परिणामी प्रशासकापुढे पेच उभा राही. सुरक्षित पद्धत निवडली, तर मॅकिंटॉश व लिनक्स वापरणारे बाहेर राहत. सर्वांना चालणारी निवडली, तर सर्वांचेच संकेतशब्द धोक्यात येत.

हा पेच मुख्यतः मुक्त आज्ञावल्यांच्या निर्मात्यांनी सोडविला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या व पुढे ‘सांबा’ या नावाने प्रसिद्ध पावलेल्या प्रकल्पाने विंडोज जालाची भाषा निरीक्षणाने उलगडली. जालावरून जाणारी पाकिटे पाहून कोणत्या प्रश्नास काय उत्तर मिळते हे टिपत जाणे, ही त्यांची रीत होती. ‘स्क्विड’ हा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला मुक्त वेब प्रतिनिधी सांबाच्या साहाय्याने विंडोजच्या वापरकर्त्यांची ओळख पटवू लागला. मोझिला ब्राउझरलाही २००३-०४ च्या सुमारास एनटीएलएम अवगत झाली.

या प्रश्नाचा एक भाग न्यायालयातही गेला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या १९९८ मधील तक्रारीवरून यूरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये निर्णय दिला. त्यानुसार मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी यूरो दंड झाला आणि इतर प्रणालींच्या सेवक संगणकांना विंडोजशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती देण्याचा आदेश झाला. १७ सप्टेंबर २००७ रोजी यूरोपीय न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये करारान्वये सांबाच्या निर्मात्यांस ती माहिती उपलब्ध झाली. संदेशवहनाची भाषा ही खाजगी मालमत्ता मानावी की सार्वजनिक रस्त्यासारखी खुली ठेवावी, या वादातील हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

पत्त्यांचे रूपांतर : प्रतिनिधीस प्रतिस्पर्धी ठरलेली पद्धत पत्त्यांच्या टंचाईतून निघाली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग व पॉल फ्रान्सिस यांनी सुचविलेल्या योजनेत आतील संगणकांना खाजगी पत्ते असून सीमेवरील यंत्र पाकीट बाहेर जाताना त्यावरील पत्ता बदलते. १९९६ मध्ये १०, १७२.१६ व १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्त्यांचे तीन गट अंतर्गत वापरासाठी राखून ठेवल्याचे टिपण प्रसिद्ध झाले. याच सुमारास इझ्राएलच्या चेक पॉइंट या कंपनीने प्रत्येक जोडणीची स्थिती स्मरणात ठेवून छाननी करणारी अग्निभिंत १९९४ मध्ये आणली. या दोन्ही पद्धतींत आतील संगणकावर काहीच बसवावे लागत नसल्यामुळे संमिश्र जालांत त्यांचा झपाट्याने प्रसार झाला. लिनक्समध्येही अशी सोय असल्याने जुन्या, टाकाऊ ठरलेल्या संगणकाचेही द्वारयंत्र करता येई. मजकूर तपासण्याची प्रतिनिधीची क्षमता मात्र तीत नव्हती. म्हणून अनेक संस्थांनी वेबसाठी प्रतिनिधी आणि उरलेल्या सेवांसाठी पत्त्यांचे रूपांतर अशी जोड व्यवस्था ठेवली.

भारतातील स्थिती : भारतात संगणकजालांचा पाया १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक प्रकल्पाने घातला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्था यांचा त्यात आरंभापासून सहभाग होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. स्वस्त खात्यात वापरकर्ता दूरध्वनीवरून निगमाच्या युनिक्स संगणकात प्रवेश करी व त्याच्यामार्फत केवळ अक्षरी स्वरूपात इंटरनेट पाही. घरचा संगणक प्रत्यक्ष जालावर येतच नसल्याने ही व्यवस्थाही एका अर्थी प्रतिनिधीचीच होती. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाल्यानंतर सायबर कॅफे व लहान कार्यालये वाढली. तेथे दूरध्वनीची एकच जोडणी अनेक संगणकांत वाटून घेण्याची गरज होती. न्यूझीलंडमध्ये १९९५ मध्ये निर्माण झालेली ‘विनगेट’ यासारखी प्रतिनिधी आज्ञावली जगभर अशाच कामासाठी वापरली जाई. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत बाहेरच्यांनाही द्वार उघडे राहत असल्याने नको असलेली डाक पाठविणाऱ्यांनी तिचा मोठा गैरवापर केला. आतल्यांसाठी नेमलेला मुखत्यार निष्काळजीपणे ठेवला, तर तो कोणाचाही मुखत्यार होतो, हा धडा त्यातून मिळाला.

मर्यादा : भिंत कितीही भक्कम असली, तरी तिला वळसा घालणारी एक वाट पुरेशी असते. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेल्या ‘स्लॅमर’ या अवघ्या ३७६ बाइटांच्या आज्ञावलीने सु. दहा मिनिटांत बाधा होऊ शकणाऱ्या संगणकांपैकी सु. ९० टक्के संगणक गाठले व किमान ७५,००० संगणकांस बाधा केली. अमेरिकेतील ओहायओ राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राची अग्निभिंत तिला अडविण्यास समर्थ होती; पण एका कंत्राटदाराच्या जालाशी असलेल्या वेगळ्या जोडणीने ती टाळून स्लॅमर आत शिरली व सुरक्षाविषयक माहिती दर्शविणारी यंत्रणा सु. पाच तास बंद पडली. केंद्र त्या वेळी उत्पादनात नसल्याने अनर्थ टळला. त्याच वर्षी डॅनियल गीर व इतर तज्ज्ञांच्या अहवालाने सर्वत्र एकाच प्रणालीचे संगणक असण्यातील धोका दाखवून दिला. प्रशासकास डोकेदुखी वाटणारी संमिश्रता साथीच्या वेळी संरक्षक ठरू शकते, हे १९८८ च्या अनुभवाशी जुळणारेच होते.

दुसरी मर्यादा गुप्तलेखनामुळे आली. सुरक्षित वेब पृष्ठांसाठी प्रतिनिधीस केवळ एक बोगदा उघडून द्यावा लागतो व आतील मजकूर त्यास दिसत नाही. २०१५ नंतर वेबवरील बहुतांश व्यवहार गुप्तलेखनात होऊ लागले. यावर उपाय म्हणून काही संस्था आपले स्वतःचे प्रमाणपत्र सर्व संगणकांवर बसवून प्रतिनिधीकडून मजकूर उलगडून घेतात. परंतु संमिश्र जालात प्रत्येक प्रणालीच्या व ब्राउझरच्या प्रमाणपत्रांची जागा वेगळी असल्याने हे काम किचकट होते. शिवाय अशा तपासणीमुळे जोडणीची सुरक्षितता अनेकदा घटते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. कर्मचाऱ्याचा बँकेशी किंवा डॉक्टरशी होणारा व्यवहारही त्यात उघडा पडू शकतो. राखणदार व पाळतदार यांतील सीमारेषा येथे अगदी पुसट होते.

नंतरचा काळ : २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘जेरिको फोरम’ने जालाभोवतीची भिंत हीच संरक्षणाची मुख्य कल्पना असू नये, असा विचार मांडला. लॅपटॉप, मोबाइल दूरध्वनी व दूरस्थ सेवा यांमुळे आत व बाहेर हा भेदच अंधुक होत गेला. गूगलने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बियाँडकॉर्प’ योजनेत आतील जालास कोणताही विशेष विश्वास न देता प्रत्येक मागणीच्या वेळी वापरकर्ता व त्याचे यंत्र तपासले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये या विचारास ‘शून्य विश्वास’ या नावाने मार्गदर्शक रूप दिले. मायक्रोसॉफ्टच्या प्रॉक्सी सर्व्हरच्या परंपरेतील शेवटच्या यंत्रणेची विक्री २०१२ मध्ये थांबविण्याचे ठरले व १४ एप्रिल २०२० रोजी तिला मिळणारे साहाय्यही संपले.

प्रतिनिधी तत्त्व मात्र लोप पावलेले नाही. नव्या योजनांतही मागणारा व देणारा यांच्यामध्ये ओळख तपासणारा मध्यस्थ उभाच असतो. फक्त तो संस्थेच्या सीमेवरून सेवेच्या दारापाशी सरकला आहे. ही ओळख आता सर्व प्रणालींना उपलब्ध असलेल्या खुल्या संहितांनी पटविली जाते. संमिश्र जालांना एका द्वारातून नेण्याच्या तीन दशकांच्या खटपटीचे हे सर्वांत टिकाऊ फलित म्हणता येईल. द्वारावरील नोंदवही कोणी वाचावी व किती काळ जपावी, हा प्रश्न मात्र यंत्ररचनेने सुटणारा नसून तो संस्थांच्या नियमांवर व कायद्यावर सोपविला गेला आहे.